वारा न लागणारं घर

फार मागे, वेणुमती नगरात उपरथ राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका गवंड्याच्या कुळात जन्माला आला. त्याचं नाव सोमिल. हाताला थापी आणि डोळ्याला ओळंबा त्याला बापाकडून मिळाला. शांत स्वभाव कुणाकडून मिळाला, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाप तापट होता आणि आजोबा त्याहून तापट. सोमिल कधी मजुरांवर ओरडला नाही. मजूर म्हणायचे, ओरडले असते तर परवडलं असतं बाबा, ते नुसते वाकड्या भिंतीकडे बघत उभे राहतात आणि आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वेणुमतीचा उन्हाळा कसा, ते तिथे राहिलेल्यालाच विचारावं. नदी चैत्रातच आटायची. वैशाखातल्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. त्यात ह्या नगराची एक रीत होती. बाळंतपण घरी करायचं नाही, राजाच्या सूतिकाघरात करायचं. राजाची सून असो की कुंभाराची, दिवस भरले की तिथेच जायचं आणि बारा दिवस तिथेच राहायचं. सूतिकाघरात विपुला नावाच्या म्हाताऱ्या सुइणीचा अंमल चाले. खुद्द राजाला तिनेच पहिल्यांदा हातात घेतलं होतं, त्यामुळे राजादेखील तिच्यासमोर जरा बेतानेच बोलायचा.

विपुलेचा कायदा एकच. ओल्या बाळंतिणीला वारा लागता कामा नये. वारा लागला की अंग धरतं, दूध आटतं, ताप चढतो, असं तिचं ठाम मत होतं आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. म्हणून सूतिकाघराला खिडकी नव्हती. दाराला घोंगडीचा जाड पडदा होता. थंडीपावसात हे ठीक होतं, पण उन्हाळ्यात त्या घराची भट्टी व्हायची. गेल्या वैशाखात एका पंधरवड्यात तिथे नऊ बाळं दगावली. त्यांत एक सोमिलच्या मुलीची होती. चित्राची पहिली पोर, सहा दिवसांची, अजून नावही ठेवलेलं नव्हतं.

आता चित्राला पुन्हा दिवस गेले होते, आणि ते भरत होते नेमके वैशाखात. बापलेक एकाच चुलीपुढे बसून जेवत, आणि दोघांच्या डोक्यात तो एकच महिना असे.

माघात राजाने नगरातल्या सगळ्या गवंड्यांना बोलावलं. "पूर्व वेशीबाहेर नवं सूतिकाघर बांधायचं," तो म्हणाला. "ह्या उन्हाळ्यात मला एकही बाळ गमवायचं नाही. जो बांधून दाखवील तो राजस्थपती, सगळ्या गवंड्यांचा मुख्य."

गवंडी खूश झाले. एकजण म्हणाला, त्यात काय, चारी अंगांना मोठ्या खिडक्या ठेवू. तेवढ्यात कोपऱ्यातून विपुलेचा आवाज आला.

"खिडकी? माझ्या बाळंतिणींना? अरे राजा, हा गवंडी आहे की वैरी?" ती काठी टेकत पुढे आली. "माझी अट ऐका. मी दिवा घेऊन आत बसेन, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. ज्योत हलली तर आत वारा येतो. माझ्या कपाळाला घाम आला तर आत उकाडा आहे. ज्योत हलायची नाही आणि घाम यायचा नाही. असं घर बांधा, मग मारा गप्पा."

वारा नको आणि उकाडाही नको, म्हणजे बांधायचं तरी काय? एकेक गवंडी पागोटं सावरत मागे सरकला. शेवटी दोघे उभे राहिले. एक सोमिल, कारण त्याला मागे सरकणं शक्यच नव्हतं. दुसरा दर्भक. हा सोमिलबरोबर एकाच गुरूकडे शिकलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. त्याची ख्याती अशी की समोर जे दिसेल त्याची नक्कल तो रेषेला रेष लावून करी, गव्हाभर इकडे नाही की तिकडे नाही. राजाने दोघांना सांगितलं, प्रत्येकाने एकेक खोली बांधा. वैशाखाच्या पहिल्या दिवशी विपुला आत बसेल.

दोघे जागा पाहायला गेले. त्या माळावर वाळवीची दोन वारुळं होती, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्ही पुरुषाहून उंच, अंगावर उभ्या पाळ्याच पाळ्या, कानाच्या पाळीसारख्या बाहेर निघालेल्या कडा. त्या नगरातल्या गवंड्यांचा शिरस्ता असा की जागेत वारूळ दिसलं की आधी ते फोडायचं. वारुळाच्या मातीची जमीन दगडासारखी होते, म्हणून ती माती ओंजळीओंजळीने वाटून घ्यायचे. सोमिलच्या वडिलांनी तर अशी वीसेक वारुळं फोडली असतील.

ऊन चांगलंच तापलं होतं. सोमिल वारुळाच्या सावलीत टेकला. गाडीच्या चाकाचा धक्का लागून वारुळाच्या पायथ्याचा एक टवका उडाला होता. तिथे त्याने सहज हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"दर्भका, इकडे ये. हात धर इथे."

दर्भकाने हात धरला. आतून ओलसर गारवा येत होता. वारा म्हणावा असं काही नव्हतं. झोपलेल्या माणसाच्या नाकापुढे हात धरावा तेवढंच.

"ह्याला खिडकी नाही," सोमिल म्हणाला. "आणि आत लाखो जीव आहेत. ते घुसमटत नाहीत आणि भाजतही नाहीत."

दर्भकाने मांडीवर थाप मारली. "वा! मग अवघड काय आहे? एक तू घे, एक मी घेतो. उभं चिरू, आत काय आहे ते पाहू, तसंच मोठं बांधू."

त्याने वेळ घालवला नाही. दोन टोकांना दोन माणसं धरतात तसली करवत लावून त्याने त्याच दिवशी आपलं वारूळ वरपासून खालपर्यंत चिरलं. आत नळ्याच नळ्या निघाल्या. खाली एका मातीच्या कुपीत वाळवीची राणी निघाली, बोटाएवढी जाड, पांढरी. लोक बघायला जमले. बघ्यांच्या गर्दीत ऊन उतरलं, उजेड गेला, म्हणून दर्भकाने चित्र काढायचं काम सकाळवर टाकलं. सकाळी येऊन त्याने कापड पसरलं आणि कोळशाने सगळं उतरवून घेतलं, रेषेला रेष. ह्या एका रात्रीने पुढे त्याची काय फजिती केली ते येईलच.

सोमिलनेही पहार उचलली होती. उचलून वारुळासमोर उभा राहिला. मजूर वाट पाहत होते. त्याला आत काय असेल ते डोळ्यांपुढे दिसत होतं, कारण बापाबरोबर लहानपणापासून पाहिलेलं होतं. खाली कुपीत राणी, ती रात्रंदिवस अंडी घालते, तिच्याभोवती शेकडो दासी, शेजारच्या कोनाड्यांत तिची बाळं. म्हणजे हेही सूतिकाघरच की! आपण एक सूतिकाघर बांधायला दुसरं फोडणार. त्याने पहार खाली ठेवली. मग चित्राची आठवण आली आणि त्याने ती पुन्हा उचलली. मजूर सांगतात, हात डोक्याच्या वर गेला होता. बराच वेळ तसाच होता. मग त्याने पहार जमिनीवर आडवी ठेवली आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली. चित्रा दारातच उभी होती.

"बाबा, तुम्ही वारूळ फोडलं नाही म्हणे."

"नाही फोडलं."

"का?"

"आत त्यांची पिल्लं आहेत, चित्रा."

चित्राच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण आवाज कापला नाही. "आणि माझं पिल्लू? ते वाळवीहून स्वस्त का? तिकडे दर्भककाकांनी आपलं वारूळ चिरलंसुद्धा, आणि तुम्ही वारुळापुढे हात जोडून बसा." एवढं बोलून ती आत गेली.

न फोडता आत काय आहे ते कळणार कसं, हे सोमिलला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो वारुळासमोर जाऊन बसू लागला. कान लावायचा, हात फिरवायचा, सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवस कलताना एकदा. येणारेजाणारे हसायचे. कुणी म्हणे, गवंडी ध्यानाला लागला. कुणी म्हणे, वाळवी उठून ह्याला घर बांधून देणार आहे. माघ सरला. अर्धा फाल्गुन सरला. दर्भकाच्या भिंती कमरेला लागल्या आणि सोमिलची अजून एक वीट चढली नव्हती.

चित्रा बापाशी अबोला धरून होती, पण भाकरी रोज पाठवत होती. एके दिवशी भाकरी न्यायला कुणी नव्हतं, म्हणून तीच घेऊन आली. सातवा संपत आलेला, जड पावलांनी माळ ओलांडून आली. बापाला तिने पाहिलं. वारुळाच्या सावलीत उकिडवा बसून तो एका पाळीवर हात ठेवून होता, आणि त्याचा चेहरा असा उतरला होता की तिचा राग अर्धा तिथेच गळाला. ती शेजारी बसली. तिनेही हात ठेवला.

"काय शोधताय?"

"हवा कुठून चढते आणि कुठून उतरते, ते. हाताला कळत नाही ग. फार हळू चालते."

चित्रा म्हणाली, "आपलं घर सारवलं की उंबऱ्याजवळची जमीन आधी सुकते. मधली ओलीच राहते."

"मग?"

"मग काय! उंबऱ्याखालच्या फटीतून हवा खेळते म्हणून सुकते. मला हाताला नाही कळत ती हवा. पण सारवण खोटं बोलत नाही."

सोमिल तिच्याकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं गिलावा केला, कुठला आधी सुकतो आणि कुठला मागून ते तो झोपेतही सांगू शकला असता, आणि हे त्याला सुचू नये! त्याने कपाळावर हात मारून घेतला. चित्राला हसू आलं. किती महिन्यांनी आलं, देव जाणे.

वारुळाच्या पायथ्याशी त्याचीच माती गळून पडली होती. ती पाण्यात पातळ कालवून बापलेकीने फडक्याने वारुळाला वरपासून खालपर्यंत पुसून घेतलं, अगदी पातळ, भोकं न बुजतील इतकं. उन्हाने फसवू नये म्हणून वर तट्ट्यांची सावली केली. मग दोघं बसून राहिली. कडेच्या उभ्या पाळ्या भराभर पांढऱ्या पडल्या. मधलं अंग ओलंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसलं, मग दुपारी, मग ऊन उतरल्यावर. दर वेळी ओल वेगळ्या जागी रेंगाळे. दहा दिवसांत सोमिलला सगळं घर आतून दिसायला लागलं.

ते असं होतं. कडेच्या पाळ्या पोकळ आणि पातळ. दिवसा त्या तापतात, आतली हवा त्यांतून वर चढते. मधला भाग जाड, थंड. तिथून हवा खाली उतरते, तळाच्या ओलाव्याला लागून गार होते आणि पुन्हा कडेला जाते. ऊन गेलं की सगळं उलट्या अंगाने चालतं. घुसमटलेली हवा पातळ भिंतींतून झिरपून बाहेर जाते. वारा कुठेच नाही, आणि हवा एक क्षण थांबत नाही. वाळवीला कुणी शिकवलं असेल हे? सोमिलने त्या वारुळाला हात जोडले, आणि मग पळतच जाऊन पाया आखला.

पण पळून पळून किती पळणार! वैशाखाचा पहिला दिवस उजाडला तेव्हा सोमिलच्या खोलीच्या भिंती खांद्याला आल्या होत्या. दर्भकाची खोली छपरासकट तयार होती. जाड भिंती, भोवती एकेचाळीस पोकळ पाळ्या, आणि खाली तळघरात पाण्याचे रांजण. दिसायला हुबेहूब वारूळ. अख्खं गाव तोंडात बोट घालून बघत होतं.

सूर्य उगवला आणि विपुला दिवा घेऊन आत गेली. राजा मांडवात बसला. पहिल्या प्रहरी आतून आवाज आला, "ज्योत हलत नाही." लोक आनंदाने ओरडले. दर्भकाने मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या प्रहरी आतून काहीच आवाज आला नाही. दुपारी पडदा बाजूला झाला आणि विपुला बाहेर आली ती घामाने निथळत, तोंड लालबुंद.

"हे घर नव्हे, हे मडकं आहे," ती धापा टाकत म्हणाली. "आणि आत मी शिजले! ज्योत हलत नाही हे खरं, पण मलूल झालीय बिचारी, माझ्यासारखीच."

राजाला संताप आवरेना. त्या नगरात गवंड्याला सगळ्यांत मोठी शिक्षा म्हणजे वेशीवर त्याची थापी मोडायची. एकदा थापी मोडली की त्याला कुणी कोंबड्याचं खुराडंही बांधायला देत नसे. "दर्भकाची थापी आणा," राजा म्हणाला. मग सोमिलकडे वळला. "तुझं कधी होईल?"

"बारा दिवस, महाराज."

"मग आजपासून राजस्थपती तू. बारा दिवसांनी तुझी खोली पाहू."

तेवढ्यात शेजारीण धावत आली. चित्राला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या दहा दिवस आधीच. तिला जुन्या सूतिकाघरात नेलं होतं.

सोमिलने मनात दिवस मोजले. बारा दिवस! त्या भट्टीत बाळ बारा तास तरी काढेल का? क्षणभर त्याला वाटलं, त्या दिवशी पहार मारली असती तर आज माझी खोली उभी असती. हे त्याला वाटलं, आणि त्याने ते स्वतःपासून लपवलं नाही. मग त्याने समोर पाहिलं. दर्भक मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्यामागे त्याची खोली. भिंती उत्तम, पाळ्या जागच्या जागी, तळघर गार. मग ही खोली श्वास का घेत नाही?

"महाराज, थापी मोडायला जरा थांबा," तो म्हणाला. "दर्भका, चल आत."

आत जाऊन त्याने एका पाळीच्या बुडाशी भुसा पेटवला. धूर आत शिरला आणि वर कुठूनच निघाला नाही, उलट परत तोंडावर आला. दुसऱ्या पाळीत तेच. तिसरीतही तेच.

"तुझं कापड बघू."

दर्भकाने कापड उलगडलं. प्रत्येक नळीत, हात हात अंतरावर, एकेक आडवा पडदा काढलेला होता, आणि बांधतानाही त्याने तो तसाच इमानाने घातला होता.

"हे तू कधी काढलंस?"

"वारूळ चिरल्यावर दुसऱ्या सकाळी." दर्भकाने कापडावर बोट ठेवलं. "सोमिल, मी शप्पथ घेतो, रेषेला रेष आहे. त्यांच्या नळीत पडदे होते, मी डोळ्यांनी पाहिले."

"तुझी रेष चुकली नाही," सोमिल म्हणाला. "आदल्या दिवशी ते पडदे नव्हते. तू घर फोडलंस, तशी त्यांनी रात्रीतून एकेक वाट लिंपून घेतली, पिल्लं वाचवायला. तू राहत्या घराचं चित्र काढलं नाहीस, दर्भका. भ्यालेल्या घराचं काढलंस."

दर्भकाला ते करवतीने चिरलेलं वारूळ आठवलं, ती पांढरी राणी आठवली, आणि त्या माणसाला हुंदका आवरला नाही. सोमिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रडायचं ते नंतर रड. लांब वेळू आण, टोकाला लोखंड बसवलेले. आपण दोघं वर चढू."

बाहेर अमात्याने सोमिलला बाजूला घेतलं. हलक्या आवाजात म्हणाला, "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? ही खोली चालली तर पद त्याचं होईल. तुमची बारा दिवसांत होतेच आहे."

"माझी मुलगी आता अडली आहे, अमात्य," सोमिल म्हणाला. "आणि भिंती त्याच्या आहेत. ओळंब्यात तसूभर फरक नाही. ज्याच्या भिंती, त्याचं घर." आणि तो शिडी चढला.

दोघांनी भर वैशाखाच्या उन्हात छपरावर उभं राहून, एकेचाळीस पाळ्यांत वेळू घालून, पडदा पडदा फोडला. हाताला फोड आले. खाली लोक मुकाट्याने पाणी देत होते. शेवटच्या पाळीतला शेवटचा पडदा पडला तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. सोमिलने खाली पुन्हा भुसा पेटवला. धूर सावकाश आत शिरला, आणि बऱ्याच वेळाने वरून, एकेका पाळीच्या अंगातून, विरत विरत बाहेर पडू लागला. दर्भकाने ते पाहिलं आणि कुणी बघतंय की नाही ह्याची पर्वा न करता सोमिलच्या पाया पडला.

चित्राला डोलीत घालून तिथे आणलं. उजाडायच्या सुमारास तिला मुलगी झाली, धडधाकट, गळा काढून रडणारी. सोमिलच्या जिवात जीव आला, पण निम्माच. खरी परीक्षा दुपारची होती. गेल्या वर्षीही पोर रडतच आली होती.

दुपार झाली. बाहेर झळा लागत होत्या. माणसं पडद्याकडे डोळे लावून बसली होती. राजा होता, दर्भक होता, सोमिल मान खाली घालून बसला होता. आत चित्रा, बाळ, विपुला आणि तिचा दिवा. प्रहर गेला, दुसरा गेला.

मग पडदा थोडासा हलला आणि विपुलेचं डोकं बाहेर आलं. कपाळ कोरडं ठणठणीत. चेहऱ्यावर नेहमीचा रागीट भाव.

"असे काय बसलात पुतळ्यासारखे?" ती म्हणाली. "कुणाकडे दुपटं असेल तर द्या पटकन. पोरीला आत गार लागतंय."

एवढं ऐकलं आणि सोमिल, जो कधी मजुरांसमोर आवाज चढवून बोलला नव्हता, तो सगळ्या गावासमोर मोठमोठ्याने रडला. कुणी त्याला हसलं नाही. बायकांनी अंगावरची लुगडी सोडायचीच काय ती बाकी ठेवली, इतकी दुपटी आली.

त्या वैशाखात वेणुमतीत एकही बाळ दगावलं नाही. सोमिलची खोली बारा दिवसांनी झाली, तीही चालली, आणि पुढे दोघांनी मिळून आणखी सहा बांधल्या. राजस्थपतीचं पद सोमिलच्या सांगण्यावरून दर्भकाला मिळालं. स्वतःसाठी सोमिलने एकच मागितलं. माळावरचं उरलेलं वारूळ आहे तिथे राहू द्यावं आणि कुंपणाची भिंत त्याला वळसा घालून न्यावी. राजाने तसं केलं. दर्भकाने आपल्या शागिर्दांना जन्मभर एकच गोष्ट दटावून सांगितली, की वारूळ वाचायचं ते ओल्या फडक्याने, पहारीने नाही. चित्राची मुलगी त्या भिंतीच्या वळशात खेळत मोठी झाली.

ही कथा शास्त्यांनी, भिक्षूंच्या गुरूंनी, एका विहारात सांगितली. तिथे नव्या कुटीच्या कामावर कंबल नावाचा भिक्षू होता. छप्पर कसं विणावं हे कळावं म्हणून त्याने सुगरणीचा खोपा फांदीवरून उतरवून उलगडला, आणि आतली तीन अंडी मातीत पडून फुटली. भिक्षूंमध्ये कुजबुज झाली, तशी शास्त्यांनी कंबलाला जवळ बसवून घेतलं आणि ही गोष्ट सांगितली. रागावून सांगितली नाही.

गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "त्या वेळचा उपरथ राजा म्हणजे ज्याने ह्या कुटीसाठी जागा दिली तो श्रेष्ठी. विपुला म्हणजे आपल्या आजारी भिक्षूंची शुश्रूषा करणारी थेरी, ती वृद्ध भिक्षुणी, तिचा स्वभावही अजून तोच आहे. चित्रा म्हणजे रोज सकाळी पेज आणणारी उपासिका. दर्भक म्हणजे तू, कंबला. तेव्हाही तुझा हात चांगला होता आणि तेव्हाही तू घाई केलीस. आणि सोमिल मी होतो."

कंबल खाली बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, "भन्ते, आणि त्या दुसऱ्या वारुळातली राणी? जी वाचली?"

"तिला मी पाहिलं नाही," शास्ते म्हणाले. "पहार मारली असती तर दिसली असती. ह्या जन्मात जिने मला जन्म दिला आणि सातव्या दिवशी डोळे मिटले, ती माझी आई तेव्हा त्या वारुळातली राणी होती."

कंबलाने दोन्ही हात जोडले.

"उचललेला हात खाली ठेवता येणं," शास्ते म्हणाले, "आणि मग कळेपर्यंत बसून राहता येणं, ह्या गुणाचं नाव क्षांती."